जहाजाचा डोल आणि निविदेचा तोल

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जून २०२३ मध्ये एक नियम संमत केला. १ जानेवारी २०२६ रोजी वा त्यानंतर बांधणीस घेतल्या जाणाऱ्या, ३,००० ग्रॉस टन आणि त्याहून मोठ्या प्रत्येक कंटेनरवाहू आणि सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर इलेक्ट्रॉनिक कलमापक बसविलेला असला पाहिजे, असा तो नियम. जहाज किती कलले आहे, किती अंशांत डोलत आहे आणि एका डोलास किती सेकंद लागत आहेत, हे त्या यंत्राने सुकाणूकक्षात दाखवावयाचे आणि त्याची नोंद जहाजाच्या 'काळ्या पेटी'त जावयाची. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मिरविण्याजोगी ही बातमी नव्हे. तथापि मुरगाव बंदर, वास्कोतील जहाजबांधणी, खनिजाची निर्यात आणि मासेमारी यांवर ज्या प्रदेशातील हजारो चुली पेटतात, त्या प्रदेशाने तरी तिची दखल घ्यावयास हवी. कारण नियम आला म्हणजे खरेदी आली, खरेदी आली म्हणजे निविदा आली, आणि निविदा आली म्हणजे आपल्याकडे यंत्राच्या गुणांपेक्षा किमतीच्या रकान्याकडे अधिक बारकाईने पाहिले जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

हा नियम कोणाच्या लहरीतून निघालेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये उत्तर समुद्रात 'एमएससी झोई' या महाकाय जहाजावरून एका वादळी रात्रीत ३४२ कंटेनर समुद्रात गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये पॅसिफिक महासागरात 'वन अ‍ॅपस' या जहाजाने अठराशेहून अधिक कंटेनर गमावले. आपल्या किनाऱ्यावर २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा-३' हे ६४० कंटेनर घेऊन निघालेले जहाज आदल्या दिवशी कलले आणि शेवटी बुडाले. त्या जहाजाच्या कलण्याशी लाटांचा वा गतिमापकाचा संबंध होता, असे आम्ही सुचवीत नाही. परंतु कलंडलेले एक जहाज किनाऱ्याला काय भोगावयास लावते, हे केरळच्या पुळणीवर प्लॅस्टिकचे दाणे वेचीत बसलेल्या माणसांनी साऱ्या देशास दाखविले आहे.

कोणी म्हणेल, कल मोजण्यास एवढे अवडंबर कशाला? प्रत्येक जहाजाच्या सुकाणूकक्षात लंबकाचा कलमापक पिढ्यान्‌पिढ्या लटकत आलेला आहे. खरे आहे, आणि तो लंबक पिढ्यान्‌पिढ्या खोटेही बोलत आलेला आहे. जहाज ज्या अक्षाभोवती डोलते त्याच्या ३० मीटर वर सुकाणूकक्ष आहे, डोल २० अंशांचा आहे आणि त्यास १५ सेकंद लागतात असे समजू. गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला डोलण्याचा झोकाही लंबकाला बाहेर ढकलतो आणि तो २० ऐवजी सुमारे २९ अंश दाखवितो. अशा वेळी कप्तानाने त्यावर विश्वास ठेवावा तर तो घाबरून जातो; न ठेवावा तर उपकरण असूनही नसल्यासारखे. बंदरात बांधलेल्या जहाजाचा स्थिर कल पाहण्यास लंबक पुरेसा आहे. खवळलेल्या समुद्रात त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

आम्हा गोमंतकीयांना याहून जवळची गोष्ट म्हणजे डोलास लागणाऱ्या सेकंदांची. जहाज जलद डोलत असेल तर खलाशांच्या पोटात ढवळते, पण ते जहाज ताठ असते, पुन्हा सरळ होण्याची त्याची ओढ जबर असते. डोल मंद होऊ लागला, एका कुशीवर जहाज रेंगाळू लागले, की समजावे त्या ओढीचा जोर ओसरत आहे. ओल्या लोहखनिजाची भुकटी, ज्याला आमच्या खाणपट्ट्यात सारेच 'फाइन्स' म्हणतात, ती वखारीत कोरडी दिसते. पण ओल प्रमाणाबाहेर असली तर समुद्राच्या सततच्या हादऱ्यांनी चिखलासारखी वाहू लागते आणि एका बाजूस जमा होते. २००९ सालच्या पावसाळ्यात मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' आणि पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ' ही दोन जहाजे लोहखनिजाची भुकटी भरलेली असतानाच बुडाली. ओलीचे प्रमाण माल भरण्यापूर्वीच तपासावयाचे असते आणि ती तपासणी कोणतेही यंत्र टाळू देत नाही. परंतु जहाज समुद्रात गेल्यावर डोलाचा बदलता काळ सेकंदासेकंदाने नोंदणारे उपकरण कप्तानाला काही घटका आधी सावध करू शकते, आणि त्या काही घटकांत माणसे वाचू शकतात. सुटा माल वाहणाऱ्या जहाजांना नियमात धरले ते योग्यच झाले.

येथवर कलमापकाची गोष्ट झाली. पण कलमापक हा गतिमापकांच्या कुळातील धाकटा भाऊ होय. जहाज कुशीवर डोलते, नाळेकडून पिछाडीकडे झुलते, सबंधच्या सबंध वर उचलले जाते आणि खाली येते. दर्यावर्दी भाषेत यांना रोल, पिच आणि हीव्ह म्हणतात. यांखेरीज पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकणे आणि नाळ फिरणे अशा आणखी तीन गती आहेत. या साऱ्या एकत्र मोजणाऱ्या डब्यात तीन दिशांचे त्वरणमापक आणि तीन दिशांचे जायरो असतात. दोन्ही का लागतात? त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षण आणि जहाजाचा झोका यांतील फरक ओळखता येत नाही. १६ नॉटच्या वेगाने जाणारे जहाज ५०० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ लागले, की केवळ त्वरणमापकावर चालणाऱ्या यंत्रास 'खाली' कोणते याचाच पाऊण अंशाने भ्रम होतो. जायरो हा भ्रम काही काळ आवरतो. पण जायरो स्वतःच हळूहळू ढळतो, तेव्हा त्याला उपग्रहाकडून येणाऱ्या वेगाचा आधार द्यावा लागतो. एकमेकांच्या उणिवा झाकणाऱ्या भावंडांसारखा हा संसार आहे, आणि त्यातील कोणते भावंड किती सशक्त हवे हे ठरविणे म्हणजेच गतिमापकाची निवड.

आणि येथेच आमचा मुख्य आक्षेप आहे. निवड यंत्रापासून सुरू होते. ती कामापासून व्हावयास हवी. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील शून्याच्या पुढचे दशांश मोजून समिती निर्णय देते. जहाजाला त्या यंत्राकडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे मात्र कागदावर कोणी लिहीत नाही.

समुद्रतळाच्या सर्वेक्षणाचे उदाहरण घेऊ. वास्को येथे नौदलाची राष्ट्रीय जलआलेखन संस्था आहे, अनेक देशांचे अधिकारी तेथे शिकून जातात. तेव्हा हा विषय आमच्या अंगणातलाच म्हणावयाचा. सर्वेक्षण नौकेच्या तळातून ध्वनीचे शेकडो किरण पंख्यासारखे पसरतात आणि प्रत्येक किरण आपापली खोली सांगतो. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेल्या किरणासाठी, रोल मोजण्यात अंशाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली, तर १०० मीटर खोलीवर सुमारे ३० सेंटिमीटरची चूक होते आणि १,००० मीटर खोलीवर तीन मीटरची. उलट १५ मीटर खोलीच्या बंदरखाडीत तीच चूक साडेचार सेंटिमीटरवर थांबते. म्हणजे खोल समुद्रात काम करणाऱ्या नौकेने पैसा रोल-पिचच्या अचूकतेवर खर्चावा. उथळ बंदरात काम करणाऱ्या नौकेने हीव्हकडे पाहावे, कारण तेथे लाटेने नौका किती उचलली हाच प्रश्न मोठा. आंतरराष्ट्रीय जलआलेखन संघटनेच्या मानकानुसार जहाजांच्या तळाखाली थोडेच पाणी उरते अशा भागात, 'विशेष' श्रेणीच्या सर्वेक्षणास १५ मीटर खोलीवर साऱ्या चुका मिळून सुमारे २७ सेंटिमीटरची मुभा आहे. त्यात भरती-ओहोटीची चूक आली, पाण्यातील ध्वनिवेगाची आली, नौकेच्या बुडीची आली. गतिमापकाच्या वाट्यास उरते ते थोडेच. दोन्ही कामांसाठी एकच यंत्र मागविणारी निविदा एका ठिकाणी पैसा उधळते आणि दुसऱ्या ठिकाणी काम बिघडविते.

हीव्ह मोजण्याची तर तऱ्हाच न्यारी. यंत्र त्वरण मोजते, त्याची दोनदा बेरीज करून उंची काढते. दोनदा बेरीज केली की अल्पशी चूकही फुगत जाते, म्हणून फार संथ बदल गाळून टाकणारी एक गणिती चाळणी मध्ये बसवावी लागते. चाळणीची भोके कोणत्या मापाची, यावर सारे अवलंबून. आखूड लाटांसाठी जुळविलेली चाळणी लांब लाटेलाही चूक समजून कापते किंवा तिची वेळ चुकवून दाखविते. आमच्या किनाऱ्यावर जानेवारीत येणारी लाट आणि मृगाच्या तोंडाशी येणारी लाट एक नव्हे. शिवाय दक्षिण महासागरातील वादळांपासून निघून हजारो मैल चालत येणाऱ्या, १५ सेकंदांहून अधिक अंतराने येणाऱ्या लांबलचक लाटा पश्चिम किनाऱ्यावर पोहोचतात. केरळचे मच्छीमार त्यांना 'कल्लक्कडल' म्हणतात आणि हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था त्यांचा इशारा देते. असे असताना नव्या यंत्राची स्वीकृती-चाचणी कधी घेतली जाते? डिसेंबर ते फेब्रुवारी, हवा उत्तम असताना, आरशासारख्या समुद्रावर! ज्या दिवशी मोजावयास काही नाही त्या दिवशी प्रत्येक यंत्र उत्तीर्णच होणार. पोहणाऱ्याची परीक्षा रिकाम्या तळ्यात घेण्याचाच हा प्रकार होय.

वळणानंतरची गोष्ट तर थेट सार्वजनिक तिजोरीशी निगडित आहे. नौका वळली की चाळणीला पुन्हा स्थिरावण्यास काही काळ लागतो आणि तेवढा वेळ हीव्हचा आकडा ढळलेला असतो. लाटेगणिक होणारी चूक खाली-वर होऊन फिटते. ही फिटत नाही. सर्वेक्षण नौका समांतर रेषांत फिरते, प्रत्येक रेषेच्या टोकास त्याच जागी वळते, आणि चूकही त्याच जागी साठत जाते. बंदरातील गाळ उपसण्याचे बिल उपशापूर्वीच्या आणि नंतरच्या सर्वेक्षणातील फरकावर चुकते होते. एक लाख चौरस मीटरच्या पट्ट्यात केवळ १० सेंटिमीटरची चूक राहिली, तर १०,००० घनमीटर गाळ कागदावर निघतो आणि समुद्रात तसाच राहतो. हे टाळण्यास महागडे यंत्रच लागते असे नाही. रेषा सुरू होण्याआधी नौकेने पुरेसे अंतर सरळ चालावे, एवढी शिस्तही पुष्कळ काम करते. ठेकेदाराचे इंधन वाचविण्यासाठी तीच शिस्त प्रथम गळते.

सर्वेक्षकांसाठी आज एक सोय झालेली आहे: यंत्र काही मिनिटे थांबून, पुढच्या-मागच्या लाटा पाहून, अधिक खरी हीव्ह मागाहून सांगते. नकाशा उद्या काढावयाचा असेल तर ही सोय बहुमोल. परंतु क्रेनने बोजा उतरविणाऱ्याला किंवा जहाजाच्या फळीवर उतरू पाहणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला काही मिनिटांनंतरच्या सत्याचा उपयोग काय? त्यांना या क्षणाचा आकडा हवा. माहितीपत्रकात मात्र उत्तम आकडा ठळक टायपात असतो आणि तो मागाहून मिळणारा आहे ही तळटीप बारीक टायपात.

तीच गत जागेची. गतिमापक बहुधा जहाजाच्या मध्याजवळ बसवितात, कारण तेथे हालचाल कमी. पण हेलिपॅड तेथून ६० मीटर पुढे, नाळेवर असेल आणि जहाज दोन अंशांनी झुलत असेल, तर मध्यावरील आकड्यापलीकडे हेलिपॅड आणखी दोन मीटर वर-खाली होत असते. हे अंतर यंत्रात अचूक भरले तरच हेलिपॅडवरील खरा आकडा निघतो. मोजपट्टीने करावयाचे हे काम. त्यात चूक झाली तर जगातील सर्वोत्तम जायरोही निरुपयोगी.

समुद्राच्या या उचलण्याने काय होऊ शकते हे आपण २७ जुलै २००५ रोजी पाहिले. मुंबई हाय नॉर्थच्या तेल-फलाटाजवळ 'समुद्र सुरक्षा' हे साहाय्यक जहाज एका जखमी कर्मचाऱ्यास पोहोचविण्यासाठी भर पावसाळी समुद्रात फलाटास भिडले. जहाजाला जागेवर धरून ठेवणाऱ्या प्रणोदकांत बिघाड होता. लाटेने जहाज ढकलले गेले, त्याचे हेलिपॅड वायू वाहणाऱ्या नळावर आदळले आणि दोन तासांत सबंध फलाट आगीत नष्ट झाला. २२ माणसे गेली. त्या दुर्घटनेचे खापर गतिमापकावर फोडता येणार नाही. पण फलाटाजवळ जावे की जाऊ नये, हा निर्णय ज्या आकड्यांवर व्हावयास हवा त्यांत जहाजाची प्रत्यक्ष उचल आणि सरक यांचे आकडे अग्रभागी असतात. ते आकडे आणि 'याच्या पुढे नाही' अशी लेखी मर्यादा, या दोन्ही गोष्टी सुकाणूकक्षात असाव्या लागतात. एकीवाचून दुसरी पांगळी.

नांगर न टाकता संगणकाच्या आधारे जागा धरून राहणाऱ्या जहाजांवर एकास तीन गतिमापक बसवितात. डोलकाठीवर ३० मीटर उंच असलेली उपग्रहाची अँटेना तीन अंशांच्या डोलाने दीड मीटर सरकते. गतिमापक नसेल तर जहाजच सरकले असे संगणकास वाटते आणि तो प्रणोदकांना उगाच पळवितो. तिघांपैकी एक यंत्र भलते सांगू लागले तर उरलेले दोघे बहुमताने त्यास गप्प करतात. युक्ती चांगली आहे. परंतु तिन्ही यंत्रे एकाच घडणीची, एकाच आज्ञावलीवर चालणारी आणि एकाच वीजतारेवर टांगलेली असतील, तर ते बहुमत नव्हे, एकाच माणसाने तीनदा दिलेले मत होय.

दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरील जहाजांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. १९८१ च्या डिसेंबरात डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्यातून निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही वास्कोलाच आहे. पृथ्वीच्या परिवलनावरून उत्तर दिशा शोधणाऱ्या जायरोची अचूकता विषुववृत्तापासून दूर जावे तशी घटते. आमच्या १५ अक्षांशावर ती घट जाणवतही नाही. 'मैत्री' तळाच्या सत्तर अक्षांशावर तेच यंत्र जवळजवळ तिप्पट चुकते. वास्कोच्या धक्क्यावर घेतलेली चाचणी तेथे प्रमाण मानता येणार नाही.

याचा अर्थ प्रत्येक तरंगत्या वस्तूवर भारी यंत्र चढवावे असा कोणी करू नये. मांडवीवरच्या फेरीबोटीस गतिमापकाची गरज नाही. तिला हवीत माणसे मोजणारा खलाशी, पुरेशी लाइफ जॅकेटे, आणि खच्चून भरलेल्या बोटीत आणखी दोन मोटारी ढकलणाऱ्यास 'नाही' म्हणण्याचा अधिकार. मासेमारी ट्रॉलरचीही गोष्ट तीच. फायबर-ऑप्टिक जायरोची किंमत ज्यास सोसते अशा कामाला तो द्यावा. साध्या डोलाची नोंद हवी असेल तेथे सिलिकॉनच्या चकतीवरील स्वस्त जायरो उत्तम चालतो. स्वस्त घेणे हा दोष नव्हे. न विचारता स्वस्त घेणे हा दोष, आणि न विचारता महाग घेणे हा त्याचा सख्खा भाऊ.

खरेदीनंतरची कथा तर बहुतेक निविदांत नसतेच. १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेचे 'एल फारो' हे मालवाहू जहाज चक्रीवादळात सापडून ३३ माणसांसह बुडाले. त्या जहाजावर वारा मोजणारे उपकरण होते; पण ते नीट चालत नव्हते आणि दुरुस्तही झालेले नव्हते, असे चौकशीत आढळले. श्रीमंत देशात हे घडते तर आपल्याकडे काय? गतिमापकाचे ठरावीक मुदतीने अंशांकन कोण करणार, यंत्र परदेशी दुरुस्तीस गेले तर तोवर जहाजावर काय असणार, आणि बदली यंत्र बसविल्यावर जहाजाच्या मध्यरेषेशी ते पुन्हा कोण जुळविणार, या तीन प्रश्नांची उत्तरे किमतीच्या रकान्यापूर्वी मागितली पाहिजेत.

परदेशी दुरुस्तीचा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. उच्च प्रतीचे जायरो क्षेपणास्त्रांतही चालतात, म्हणून ते बनविणारे देश त्यांच्या निर्यातीवर परवान्याचे कुलूप ठेवतात. एखादे यंत्र दुरुस्तीस पाठविले आणि परत येण्याचा परवाना अडकला, अशी वेळ येऊ शकते. किल्ली आपल्या हाती नसते. हाच देश आपल्या अग्निबाणांसाठी आणि उपग्रहांसाठी लागणारी जडत्वीय यंत्रणा तिरुवनंतपुरम येथील इस्रोच्या केंद्रात स्वतः घडवितो. ज्यांनी आकाशातील दिशा आपल्या हाताने मोजली त्यांचे कौशल्य बंदरातील सर्वेक्षण नौकेपर्यंत आणि वास्कोच्या गोदीपर्यंत उतरविणे अशक्य कोटीतील नाही. त्यासाठी सरकारने केवळ 'स्वदेशीस प्राधान्य' हे वाक्य निविदेत छापून भागणार नाही. लांब लाटांची नक्कल करणारे चाचणीमंच या किनाऱ्यावर उभारून, देशी आणि विदेशी दोन्ही यंत्रांना त्यावर सारखेच चढवावे लागेल. जहाजबांधणीचा कारखाना, जलआलेखन संस्था आणि दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था अशा तीन जाणत्या संस्था काही मैलांच्या अंतरात असलेला दुसरा प्रदेश या देशात शोधूनच काढावा लागेल.

तोवर एक गोष्ट आजच करता येईल. मुरगाव बंदरात वा मांडवीच्या मुखाशी गाळ उपसण्याचा पुढचा ठेका निघेल तेव्हा सर्वेक्षण नौकेवरील गतिमापकाच्या मूळ, न गाळलेल्या नोंदी बंदर प्रशासनाने ताब्यात घेऊन जपाव्यात आणि मागेल त्यास पाहू द्याव्यात, असे एक कलम करारात घालावे. त्यास यंत्राचा खर्च नाही, परवाना नाही, निविदा नाही. एका अधिकाऱ्याची सही तेवढी लागते.